बरसातीतला एल्डर

एल्डरचं एकट्याचं चित्र काढणं त्याच्या नियमात बसत नाही. तो कायम दोन असतो. पश्चिम दिल्लीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. गच्चीवरच्या खोलीला इथं बरसाती म्हणतात. ती आम्ही भाड्यानं देतो आणि तिथं बरीच वर्षं एल्डर, म्हणजे एका अमेरिकन चर्चचे तरुण मिशनरी, राहत आलेत. माणसं बदलतात, एल्डर तोच. एक उंच, एक बुटका. उंच असतो तो बहुधा युटा नाहीतर आयडाहोचा, बुटका राजमुंद्री, विशाखापट्टणम किंवा कोइमतूरचा. दोघांच्या अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळी पाटी. वय एकोणीस-वीस. रोज दाढी करायचा नियम दोघांनाही आहे. बुटक्याला त्याची गरज असते, उंच बिचारा नियम म्हणून करतो.

पाटीवर आडनाव आणि खाली चर्चचं नाव. हे नाव लांबलचक आहे: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. २०१८ साली त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की टोपणनाव सोडा, पूर्ण नाव घ्या. तेव्हापासून गेटवर कुणी 'कहाँ से?' विचारलं की एल्डर पहिल्यापासून सुरू करतो, आणि 'लॅटर-डे'पर्यंत पोचेस्तोवर चौकीदार मागच्या मोटारीसाठी फाटक उघडायला गेलेला असतो.

या वेषाचा दिल्लीत एकच अर्थ होतो: क्रेडिट कार्ड. इस्त्रीचा शर्ट, टाय, खांद्याला बॅग, जोडीनं फिरणं, अनोळखी माणसाकडे बघून हसणं. 'नहीं चाहिए, भैया' हे वाक्य एल्डर दिल्लीत उतरल्या दिवशी शिकतो. गुरुग्रामच्या उंच सोसायट्यांमध्ये त्याहून पंचाईत. तिथं पाहुण्याची नोंद गेटच्या अॅपमध्ये करावी लागते आणि त्यात पर्याय चार: डिलिवरी, कॅब, गेस्ट, सर्विस. एका चौकीदारानं बराच विचार करून एल्डरला 'सर्विस'मध्ये घातलं आणि मालाच्या लिफ्टनं वर पाठवलं. एल्डरला याचा फार आनंद झाला. सेवेसाठीच तर आलो आहोत, म्हणाला.

आमच्या तळमजल्यावरच्या अंकलजींना प्रत्येक नव्या जोडीला एक प्रश्न विचारायचा असतो: पॅकेज किती? एल्डर प्रामाणिकपणे सांगतो की पगार नाही, उलट आम्हीच भरतो. अमेरिकेतली पोरं २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरतात. कुणी शेतावर राबून साठवलेले असतात, कुणाचे आईबाप देतात. राजमुंद्रीवाल्याच्या घरचे जमेल तेवढं देतात, बाकीचं चर्चच्या निधीतून येतं. अंकलजी हे ऐकून दर वेळी खुर्चीतून थोडे पुढे सरकतात. 'मतलब पैसे देके नौकरी? दो साल?' मग आवाज खाली आणून, 'उसके बाद परमनंट करते हैं?' त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: तुमच्यात बायका किती करतात? दोन वर्षं ज्याला मुलीबरोबर सिनेमाला जायचीही बंदी आहे, तो पोरगा कानापर्यंत लाल होऊन म्हणतो, 'अंकल, १८९०.' त्या साली त्यांच्या चर्चनं बहुपत्नीत्व थांबवल्याचा जाहीरनामा काढला. अंकलजींना हा आकडा वाटतो. एकदा ते मला जिन्यात गाठून म्हणाले, पोरगं साधं दिसतं, पण हिशोब काहीतरी लपवतंय.

एल्डरच्या नियमांची खरी परीक्षा चहाशी. दिल्लीत दारात आलेल्याचा धर्म नंतर विचारतात, चहा आधी. एल्डर चहा पीत नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखूचा प्रश्नच नाही. १८३३ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या कर्टलंडला चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जो साक्षात्कार झाला त्यात गरम पेयं वर्ज्य ठरली, आणि त्याचा अर्थ पुढे चहा-कॉफी असा लागला. 'चाय नहीं पीते' म्हटल्यावर समोरच्या पंजाबी आंटींचा चेहरा पडतो. एवढ्याशा पोराला! 'शुगर है, बेटा?' शुगर नाही म्हटल्यावर अॅसिडिटी, मग लिव्हर. मग त्या ग्रीन टीवर येतात, ती तर हेल्दी असते. तीही वाट २०१९ मध्ये बंद झाली, चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकानं ग्रीन टी हाही चहाच असं छापून टाकलं. शेवटी आंटी हळद घालून दूध देतात, कारण पोरगा आजारी आहे याबद्दल आता त्यांना शंका उरलेली नसते.

मी कोकम सरबत देते. पहिल्यांदा दिलं तेव्हा दोघांनी पेला उजेडाकडे धरून पाहिला. लाल रंगाचा संशय आला असावा. राजमुंद्रीवाल्यानं वास घेतला आणि इंग्रजीत निवाडा दिला की याबद्दल कुठल्याही संदेष्ट्यानं काही म्हटलेलं नाही. मग तीन-तीन पेले झाले.

पण हे सरबत बहुतेक वेळा जिन्यात उभ्यानं प्यायलं जातं. घरात दुसरा पुरुषमाणूस नसेल तर बाईच्या घरात जायचं नाही, असा त्यांचा नियम. आमचे हे संध्याकाळी सातच्या आत कधी घरी नसतात. त्यामुळे दुपारी भाडं द्यायला आलेला एल्डर उंबऱ्याबाहेर बूट जुळवून उभा राहतो आणि मी आतून पावती देते. सासूबाईंनी हे पाहिलं तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. 'मी आहे ना घरात, बोलव की त्याला.' मी सांगितलं, आई, तुम्ही असून चालत नाही, बाप्या लागतो. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'माझ्यापासनं त्या पोराला धोका आहे म्हणतेस?' आणि दिवसभर खुशीत होत्या.

सासूबाई बार्शीकडच्या, माळकरी. एल्डरला सगळ्यात आधी त्यांनी ओळखलं. आम्ही बाकीचे लोक त्याला काय पटतं, कसं पटतं, पोथीच्या सोन्याच्या पत्र्यांवर खरंच विश्वास आहे का, असले शहाणे प्रश्न विचारत होतो. त्यांनी पाहिलं की हे पोरगं सकाळी साडेसहाला उठतं, गच्चीवर उड्या मारतं, मग पोथी उघडून बसतं आणि रात्री साडेदहाला दिवा घालवतं. थंडी असो, लू असो. 'नेमाचा आहे,' एवढंच म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं चौकशी तिथं संपली. त्यांची माळ, त्यांचा हरिपाठ, कांदा-लसणाची फारकत, यातलं काहीच त्यांनी कधी पटवून घेतलेलं नव्हतं. केलेलं होतं. मलाही पुढे पुढे वाटायला लागलं की एल्डरला तोंडी परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही. त्याच्या श्रद्धेबद्दल जे काही कळायचं ते त्याच्या गजरावरून कळतं.

दिल्लीत साडेदहाला झोपणं ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही. आमच्या कॉलनीत रात्रीचं जेवण दहाला सुरू होतं. लग्नाची वरात अकराला निघते. नवरात्रात गल्लीच्या तोंडाशी मंडप घालून जगराता होतो, त्याचे कर्णे पहाटेपर्यंत थेट बरसातीच्या खिडकीत वाजतात. एल्डर साडेदहाला दिवा घालवतो आणि अंधारात डोळे उघडे ठेवून नियम पाळतो. सकाळी साडेसहाला उड्या मारताना त्याचे पाय जिथं पडायचे तिथं पडत नाहीत, पण पडतात.

उपासावरून मात्र सासूबाईंचं आणि त्याचं बिनसलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एल्डर दोन जेवणं सोडतो, पाणीसुद्धा पीत नाही आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतो. इथवर सासूबाई खूश. पुढे आषाढी आली. आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या चकत्या, बटाट्याचा कीस. आज उपास आहे असं सांगून मी ताट वर पाठवलं. पाच मिनिटांनी दोघंही ताटासकट खाली आले. उपासाच्या दिवशी चुकून जेवण आलंय, म्हणाले. त्यांना समजावताना माझी तारांबळ उडाली. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपण घरातल्या घरात म्हणतो, परक्या पोरासमोर कबूल करायला जड जातं. आयडाहोवाला बटाट्याच्या मुलखातला. त्यानं कीस खाऊन पाहिला आणि विचारलं, तुमच्या धर्मात हा उपास महिन्यातून कितीदा येतो? दोनदा, म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो भाव आला त्याला मी मोह म्हणेन.

त्याचं हिंदी हा वेगळा विषय. उंच एल्डर हिंदी पुस्तकातून शिकतो, त्यामुळे ते आकाशवाणीच्या बातम्यांइतकं शुद्ध असतं. ठेलेवाल्याला तो 'महोदय, क्या आपके पास धनिया उपलब्ध है?' असं विचारतो. ठेलेवाला त्यानंतर कोथिंबिरीचे पैसे घेत नाही. बुटका एल्डर भारतीय, पण हिंदी त्याला उंचापेक्षा परकं. त्याचं सगळं पुल्लिंगी: मेरा माँ, बड़ा गाड़ी. माझं माहेर पुणं, आणि त्याची चूक सुधारायचा आनंद मला फार होतो, कारण माझ्या हिंदीला या गल्लीत तीस वर्षं हसताहेत.

पुण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. या लोकांचा पुण्याशी फार जुना संबंध आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुण्याला येऊन राहिला. कोलकात्यापासून इकडेपर्यंत फिरणारी ती त्यांची पहिली फळी दशकाच्या आत गुंडाळली गेली. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की १८१३ मध्ये मुंबईला आलेले गॉर्डन हॉल आठवतात, अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन आठवतं, शाळा आणि छापखाने काढणारी, इथंच म्हातारी होणारी माणसं आठवतात. हॉल तर १८२६ मध्ये नाशिककडे पटकीनं गेले. हे पोरगं त्यातलं नाही. दोन वर्षांचं तिकीट काढून येतं आणि त्यातही दर सहा-सात आठवड्यांनी बदलीचा फोन येतो. फिंडलेची गोष्ट मी एल्डरला सांगितली तेव्हा तो हळहळला: पुण्यात कुणी ऐकून घेतलं नाही? मी म्हटलं, बाबा, पुण्यात कुणी कुणाचंच ऐकून घेत नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

नवी दिल्लीचं त्यांचं वेगळं मिशन २००७ पासूनचं, त्याआधी सगळा कारभार बंगलोरहून चालायचा. आमच्याकडचे एल्डर दारोदार फिरत नाहीत. कुणी ओळखीचं घेऊन गेलं, कुणी आपणहून विचारलं, तरच तोंड उघडतात. आणि इथला भूगोलही तसा आहे. मेट्रोच्या निळ्या लाइनवर द्वारकेला बसलं की दिल्ली. यमुना ओलांडून गाडी नोएडाला गेली की उत्तर प्रदेश, तिथं धर्मांतराचा २०२१ चा कायदा. जांभळ्या लाइननं फरीदाबादला गेलं की हरियाणा, तिथला कायदा २०२२ चा. दिल्लीचा असा कायदा नाही. एल्डर कुठल्या स्टेशनापुढे हवापाण्याच्या गप्पांवर यायचं हे पाठ करून बसलेला असतो. मला धर्म बदलायला निघालेल्या माणसाबद्दल फारसं प्रेम नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. त्यानं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि गच्चीवरची पाण्याची टाकी घासायची आहे का, असं विचारलं.

मग दिवसभर करतो काय? वाट बघतो. भेटायला येतो म्हणालेला माणूस न येणं, यात एल्डरचा बराचसा दिवस जातो. दिल्लीतल्या माणसानं फोनवर 'बस, पाँच मिनट' म्हटलं की आपण समजतो काय समजायचं ते. एल्डर घड्याळ लावतो. सहाव्या मिनिटाला तो मेट्रोच्या जिन्याकडे पाहायला लागतो, चाळिसाव्या मिनिटालाही तिकडेच पाहत असतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तेच म्हणतो आणि एल्डर पुन्हा घड्याळ लावतो. देवदूत, साक्षात्कार, परलोक, यांच्यावर पुष्कळांचा विश्वास असतो. 'पाँच मिनट'वर सलग दोन वर्षं विश्वास ठेवणारा माणूस मी एल्डरखेरीज पाहिलेला नाही.

त्याच्या सगळ्या कामगिरीत मला एकच खरीखुरी धर्मचर्चा आठवते, तीही करोल बागेत. बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांमध्ये आपल्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले आहेत. जुने दागिने आटवून सोनं शुद्ध करायचं त्यांचं काम. त्यांच्या गणपतीला आम्ही दरवर्षी जातो, त्या वर्षी एल्डरना नेलं. आधी मोदकावरून पेच पडला, देवाला दाखवलेला खाल्ला तर चालेल का. दोघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजले, कुणाला तरी फोन करायच्या बेतात होते. मी म्हटलं, नैवेद्याचं ताट निराळं काढलंय, हे पातेल्यातले नुसते मोदक आहेत. धर्मसंकट तिथंच सुटलं.

खाता खाता विट्याकडच्या एका काकांनी विचारलं, तुमची पोथी कसली? एल्डरनं शुद्ध हिंदीत सांगितलं की ती सुवर्णपत्रांवर कोरलेली होती. काकांनी मोदक खाली ठेवला.

'किती टंच?'

मी सांगितलं, शुद्धता विचारताहेत. एल्डरला ते ठाऊक नव्हतं. माप मात्र पाठ होतं, जोसेफ स्मिथनी १८४२ च्या एका पत्रात दिलेलं: पत्रा सहा इंच रुंद, आठ इंच लांब, सगळा गठ्ठा सहाएक इंच जाड. काकांनी डोळे मिटले, ओठ हलले.

'नव्वद किलोच्या घरात जातंय. उचललं कुणी?'

एल्डर म्हणाला, हाताळणारे लोक चाळीस ते साठ पौंड सांगतात. मी किलो केले, अठरा ते सत्तावीस.

'मग येवढी घट कशी?'

एल्डरच्या कपाळावर घाम आला. पण पोरगा वाचणारा होता. म्हणाला, पत्र्यांच्या मधे पोकळी असणार, आणि काही अभ्यासक म्हणतात की ते निव्वळ सोनं नसेल. मध्य अमेरिकेत सोन्यात तांबं मिसळून एक धातू करत, तुंबागा नावाचा. काकांचा चेहरा उजळला. 'आत्ता कसं! निस्त्या सोन्याचा पत्रा ऱ्हातोय व्हय? वाकून जातोय. ज्यानं केलं त्याला काम येत हुतं.' मग विचारलं, आता कुठं आहेत?

'देवदूत परत घेऊन गेला.'

'पावती?'

'अकरा साक्षीदारांची निवेदनं छापलेली आहेत. तिघांचं एक आणि आठ जणांचं एक.'

'मग झालं की,' काका म्हणाले. त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं. ते भट्टीजवळच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी उभं आहे. वाचलेलं नाही, वाचणारही नाहीत. पण दुकानात नवं पोरगं कामाला लागलं की ते दाखवून तांब्याचं महत्त्व सांगतात.

सोमवार एल्डरच्या सुट्टीचा. गच्चीच्या दोरीवर पांढरे शर्ट, सगळ्यांच्या कॉलरवर दिल्लीची धूळ. त्याच सकाळी घरी फोन. आधी वर्षातून दोनदाच परवानगी होती, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. इथं सोमवारची सकाळ, आयडाहोत रविवारची संध्याकाळ. नोव्हेंबरात त्याच्यामागे समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. आई विचारते, धुकं पडलंय का? खोटं बोलायचं नाही आणि आईला घाबरवायचंही नाही. एल्डर म्हणतो, 'हे इथलं हवामान आहे.' मग फोन म्यूट करून खोकतो.

पण हवा, चहा, जगराता हे सगळं त्याला झेपतं. जड जातो तो जोडीदार. न्हाणीघराचं दार लावल्यावर जेवढं एकटेपण मिळतं तेवढंच. जोडीदार आपण निवडलेला नसतो, सोडता येत नाही, नजरेआड होऊ द्यायचा नसतो. उंचाला खिडकी उघडी लागते, बुटक्याला बंद. बुटका सकाळी सहा पस्तीसला आवकाय लोणच्याची बरणी उघडतो. उंच भांडी घासताना स्तोत्रं म्हणतो आणि सुरात म्हणत नाही. कूलर कुणाच्या तोंडाकडे, हा प्रश्न मेपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. यावर त्यांच्यात एक तोडगा आहे. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसायचं, एकमेकांबद्दलच्या तक्रारी प्रेमानं सांगायच्या, मग मिळून प्रार्थना. जिन्यातून मला सगळं ऐकू येतं. प्रेमानं सांगण्याची सुरुवात छान होते. टॉवेलपर्यंत आले की आवाज चढतो. मग एकदम शांतता, आणि 'आमेन' मात्र दोन वेगवेगळ्या वेळी. माझ्या लग्नात अशी व्यवस्था कुणी लावून दिली नव्हती. असती तर आमचे हे 'आमेन' आधी म्हणून मोकळे झाले असते.

बदलीचा फोन आला की एक जण जातो आणि त्याच्या जागी दुसरा उंच किंवा दुसरा बुटका येतो. जाणारा टाय मागे ठेवून जातो, अर्धी भरलेली वही, पीनट बटरची बरणी. ती बरणी कुणी आणली हे आता कुणालाच माहीत नाही. प्रत्येक जोडी तिला आधीच्या जोडीची समजून हात लावत नाही.

आयडाहोचा एक एल्डर घरी परतायच्या आदल्या आठवड्यात भाड्याचा हिशोब करायला आला होता. हे घरी होते म्हणून आत बसला. दोन वर्षांत किती माणसं चर्चमध्ये आली, असं यांनी विचारलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, आकडा लागतो. एल्डरनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि अंगठ्यावर थांबला. मग मी विचारलं, बरं, तुझी स्वतःची श्रद्धा वाढली की नाही इथं?

तो बराच वेळ सरबत ढवळत राहिला. म्हणाला, 'पहिल्या महिन्यात मी रोज प्रार्थना करायचो की आज कुणीतरी ऐकणारा भेटू दे. आता करतो की आज रात्री याच्या घोरण्याचा मला राग येऊ नये.'

'आणि? कुठली ऐकली जाते?'

'दोन्ही पेंडिंग आहेत, आंटी,' तो म्हणाला. दाराशी उभा असलेला राजमुंद्रीवाला तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला की याचं गाणं बंद व्हावं ही त्याचीही जुनी फाइल आहे. मग साडेनऊ होऊन गेले म्हणून दोघंही धडाधड जिना चढून वर गेले.